३२ किलोचा लॅब आणि सहा तासांचा ट्रेक: सामानाच्या यादीआधी थोडं बोलू

तुम्ही विचारलंय की लॅब, म्हणजे तुमचा लॅब्राडॉर कुत्रा, दोन वर्षांचा आहे, वजन ३२ किलो, सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास फिरतो, घरात सोफा फाडण्याइतकी एनर्जी आहे, आणि पुढच्या महिन्यात आठ जणांच्या ग्रुपबरोबर सहा-सात तासांच्या ट्रेकला त्याला न्यायचंय तर सामान काय काय घेऊ. मांजरीचंही विचारलंय, तिच्यावर शेवटी येतो. मी व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर आहे आणि स्वतः कुत्री घेऊन डोंगरात फिरतो, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात, वर उड्या मारत चढणारी कुत्री पण आणि त्याच संध्याकाळी चादरीत घालून क्लिनिकला आणलेली पण. सामान सांगतो, फार नाहीये ते. त्याआधी मीच तुम्हाला एक विचारतो, अर्ध्या वाटेत हा खाली बसला आणि उठलाच नाही तर ३२ किलो खाली कोण आणणार?

माणूस दमला की कुरकुर करतो, मग मागे पडतो, शेवटी दगडावर बसून तुम्ही व्हा पुढे म्हणतो. कुत्रा यातलं फार थोडं करतो. तुम्ही चालताय ना, मग तो चालणार. लॅब, रिट्रीव्हर, शेफर्ड ह्या जाती तर माणसाबरोबर राबण्यासाठीच पिढ्यान्पिढ्या निवडल्या गेल्यात, पंजा सोलवटलेला असताना सुद्धा शेपूट हलवत येतील. "डॉक्टर, मस्त चालत होता हो, एकदम पडला" हे मला फार वेळा ऐकायला मिळतं आणि जरा खोदून विचारलं की कळतं, एकदम वगैरे काही नव्हतं, बराच वेळ तो मागे मागे राहत होता, सावली दिसली की टेकत होता, फक्त बघायला कोणी नव्हतं कारण आठ जणांत प्रत्येकाला वाटलं दुसरं कोणीतरी बघतंय. म्हणून माझा पहिला नियम हा की ग्रुपमधला एक माणूस त्या दिवशी कुत्र्याचा. तो गप्पांत पुढे निघून जाणार नाही, आणि तो म्हणाला परत फिरायचं की तो आणि आणखी एक जण कुत्र्याला घेऊन परत फिरणार, तिथे चर्चा नाही. हे निघायच्या आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, कारण टोक समोर दिसायला लागलं की "अजून दहाच मिनिटं रे" सुरू होतं आणि ती दहा मिनिटं कुत्र्यालाच महाग पडतात.

आता उन्हाचं. सगळे मला सापाबद्दल विचारतात, कड्यावरून पडण्याबद्दल विचारतात, पण चालायला नेलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त कशाला घाबरत असेन तर उष्णतेला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, घामाच्या ग्रंथी पंज्यांच्या तळव्याला थोड्याफार, त्यांचा उपयोग नगण्य. अंग गार करायचं मुख्य साधन म्हणजे धापणं, म्हणजे जीभ आणि श्वासमार्गातला ओलावा उडवून उष्णता बाहेर टाकणं. हवाच दमट असेल तर तो ओलावा नीट उडत नाही, म्हणून थर्मामीटरवर आकडा बरा दिसत असतानाही ढगाळ, कोंदट, वारा पडलेल्या दिवशी कुत्रा तापतो, आणि मालक म्हणतात ऊन तर नव्हतंच. पग, बुलडॉग, बॉक्सर, शित्झू असल्या चपट्या नाकाच्या जातींना तर हा श्वासमार्गच अपुरा, त्यांना चढाच्या ट्रेकला नेऊच नका हे माझं स्पष्ट मत आहे, कोणाला राग आला तरी चालेल. तुमचा लॅब त्या बाबतीत बरा, पण लॅबला दाट दुहेरी केस असतात आणि खाऊन वजन वाढवायची सवय असते, बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या दाबाशिवाय हाताला लागल्या पाहिजेत, लागत नसतील तर आधी वजन उतरवा, मग डोंगर.

कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण ३८ ते ३९.२ सेल्सिअस असतं. पळून आला की ते थोडा वेळ वर जातं आणि सावलीत बसला की उतरतं, तेवढं ठीक. पण ४१ च्या पुढे गेलं आणि तिथेच राहिलं की आतडी, मूत्रपिंड, मेंदू, रक्त गोठण्याची यंत्रणा, सगळ्यालाच इजा होऊ शकते. डोंगरात कोणी सारखा थर्मामीटर लावत बसणार नाही म्हणून खुणा शिका. जीभ नेहमीपेक्षा जास्त बाहेर आणि टोकाला पसरट रुंद झालेली, लाळ घट्ट चिकट तारेसारखी, हिरड्या लालबुंद, थांबून दोन-पाच मिनिटं झाली तरी धाप कमीच होत नाही, आवडता खाऊ पुढे धरला तर तोंड फिरवतो, हाक मारल्यावर उशिरा बघतो. लॅब खाऊ नाकारतोय ही एकच गोष्ट मला तरी थांबायला पुरेशी वाटते. पाय लटपटणं, उलटी, जुलाब, शुद्ध हरपणं हे तर फार पुढचं, तिथपर्यंत जाऊच द्यायचं नाही.

आणि गेलाच तिथपर्यंत तर आधी गार करायचं, मग उचलून पळायचं, हा क्रम लक्षात ठेवा. लोक घाबरून तापलेला कुत्रा तसाच गाडीत टाकतात आणि तासभर प्रवास करून आमच्याकडे आणतात, तो तासच घात करतो. सावलीत घ्या, जवळ असेल नसेल ते पाणी अंगावर ओता, पोट, काखा, जांघा, पाठ, सगळीकडे, आणि टोपीने, चटईने, कशाने तरी वारा घाला. पाणी फार गार असलं तर शॉक बसेल म्हणून लोक थांबतात, तसं थांबू नका, कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असलेलं कुठलंही पाणी चालतं. ओला टॉवेल मात्र अंगावर टाकून ठेवू नका, तो लगेच गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो, घालायचाच तर अंगाखाली घाला. शुद्धीत असेल आणि स्वतःहून पीत असेल तर पिऊ द्या, अर्धवट शुद्धीत तोंडात ओतायचं नाही, फुफ्फुसात जातं. तापमान मोजता येत असेल तर ३९.५ च्या आसपास आलं की ओतणं थांबवा. आणि तो उठून शेपूट हलवायला लागला तरी त्याच दिवशी व्हेटकडे न्याच, कारण मूत्रपिंडाचा आणि रक्त न गोठण्याचा त्रास एक-दोन दिवसांनी पण वर येतो.

लॅबसाठी खास एक. काही लॅबमध्ये जन्मतः एक जनुकीय दोष असतो, घरी, रस्त्यावर अगदी नॉर्मल, पण पाच-पंधरा मिनिटं जोरात आणि एक्साइट होऊन पळाला की मागचे पाय लुळे पडतात, वाटतं कंबरच गेली. बहुतेक वेळा विश्रांतीने सावरतात पण क्वचित जीवावर पण बेततं. याची डीएनए टेस्ट असते. बॉल फेकण्याच्या खेळात तुमचा कधी असा मागून डगमगला असेल तर आधी टेस्ट करा, ट्रेकचं नंतर बघू.

पाण्याचा हिशोब. नुसता घरी बसलेला कुत्रा दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पाणी घेतो, म्हणजे तुमचा दीड ते दोन लिटर. चढावर ते दुप्पट धरा आणि वर अंगावर ओतायला म्हणून एखाद लिटर वेगळं ठेवा, ते प्यायच्या पाण्यात मोजायचं नाही. एकदम भांडंभर ढोसू देऊ नका, दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडं थोडं, तहान लागायची वाट न बघता. वाटेतलं साचलेलं पाणी मी पिऊ देत नाही, त्यात लेप्टोस्पायरा नावाचा जंतू असू शकतो जो उंदरांच्या वगैरे मुतातून येतो आणि कुत्र्यातून माणसालाही होतो, आणि तळ्यावर हिरवट-निळसर साय धरलेली दिसली तर पिणं सोडा, पाय पण बुडवू देऊ नका, त्यातल्या काही शेवाळांच्या विषाने कुत्रा काही तासांत जातो आणि त्यावर उतारा नाही. बाहेर आल्यावर तो अंग चाटतो ना, त्यातूनही पोटात जातं.

लीश, म्हणजे कुत्र्याला धरायची दोरी, तिच्याबद्दल लोक माझ्याशी भांडतात. "आमचा एकदम ट्रेन्ड आहे, कधी लांब जात नाही." घराजवळच्या मैदानात जात नसेल. समोरून ससा उठला किंवा माकडं दिसली की त्या क्षणी ट्रेनिंग कुठे जातं ते बघितलंय मी, आणि मैदानाला कडा नसतो. दीड-दोन मीटरची साधी पट्टीची लीश घ्या, ती बटण दाबून लांबणारी दोरीवाली नको, झटका बसला की दोरी हात कापते, झुडपात अडकते. गळ्यातल्या पट्ट्याला लीश नको, छातीवरून येणारा हार्नेस, पाठीवर हँडल असलेला, खांद्याची हालचाल मोकळी राहील असा. त्या हँडलला धरून कातळटप्प्यावर त्याला आधार देता येतो, पट्ट्याला धरून तो फाशी जाईल. कमरेला बांधायची लीश चढाला छान वाटते, हात मोकळे राहतात, पण उतारावर काढून हातात घ्या, ३२ किलोने खाली झेप घेतली तर तुम्ही पण जाल. शिडी, साखळी, दोन्ही हातांनी धरून चढायची जागा वाटेत असेल तर ती वाट कुत्र्याची नाही. आधी जाऊन आलेल्या कोणाला तरी विचारून घ्या, आणि प्राण्यांना परवानगी आहे का तेही विचारा, बऱ्याच राष्ट्रीय उद्यानांत आणि अभयारण्यांत कुत्र्यांना बंदीच असते आणि ती योग्यच आहे, कुत्रा नुसता जवळून गेला तरी जमिनीवर घरटी करणारे पक्षी उठतात आणि कुत्र्यांचे रोग रानातल्या प्राण्यांना लागतात. बिबट्या किंवा लांडग्याचा वावर असेल तिथे कुत्रा ही त्यांची शिकार आहे हे विसरू नका, पहाट, संध्याकाळ आणि तंबूचा मुक्काम तिथे टाळाच.

लीश फक्त एकाच प्रसंगी सोडायची, गाई-म्हशी अंगावर आल्या तर. वासरू जवळ असलं की गाय कुत्र्यावर धावते आणि मधे तुम्ही असता, लोक तुडवले जातात ते कुत्र्याला धरून ठेवल्यामुळे. कुत्रा सुटला की तो पळून जातो, तुमच्यापेक्षा कितीतरी वेगात. मेंढ्यांचा कळप दिसला तर लांबून वळसा, राखणीची कुत्री अंगावर आली तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, लीश आखडून हळूहळू कळपापासून दूर.

पंजे. कातळ किंवा रस्ता तापलाय का ते हाताच्या मागच्या बाजूने बघा, सात सेकंद टेकवता आला नाही तर त्यालाही नाही. पण गरम जमिनीपेक्षा जास्त पंजे मी खरबरीत खडकाने घासून गेलेले बघतो, कारण घरातल्या टाइल्सवर आणि बागेतल्या गवतावर वाढलेल्या कुत्र्याचे तळवे मऊ असतात, ते हळूहळूच टणक होतात, निघायच्या आदल्या दिवशी मलम लावून होत नाहीत. बूट चांगले, पण ते घालून आधी घरी आणि रस्त्यावर बरेच दिवस चालवा, नवीन बूट थेट ट्रेकला म्हणजे चोळून फोड. थांबाल तेव्हा चारही पंजे उचलून बोटांच्या मधे बघायचं, मिनिटाचं काम आहे, कुसळ तिथेच घुसतं आणि आत आत सरकतं. सारखं एकच पाऊल चाटतोय, अचानक सटासट शिंकतोय, कान एका बाजूला झटकतोय, तर कुसळ गेलंय असं धरून चाला. आणि उतार हा कुत्र्याला सोपा असतो हा मोठा गैरसमज, उभं असतानाच कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, उताराला ते आणखी वाढतं आणि दमलेला असताना घसाऱ्यावर खांदे, मनगटं दुखावतात. परत फिरायचा निर्णय चढताना घ्यायचा तो यासाठीच, त्याच्यात निम्म्यापेक्षा जास्त दम शिल्लक असताना.

खाण्याचं थोडक्यात. निघायच्या दोन-तीन तास आधी हलकं खाणं, पोटभर जेवण घालून चढायचं नाही आणि वर पोचल्या पोचल्या पण नाही, मोठ्या खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ बसण्याचा धोका असतो, पोट टमटमीत आणि उलटीचे नुसते उमाळे, बाहेर काही पडत नाही असं दिसलं तर ती तासांची इमर्जन्सी आहे. ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या खिशात जे सुकामेव्याचं पाकीट असतं त्यात मनुके आणि चॉकलेट असतात, दोन्ही कुत्र्याला विषारी, मनुक्यांनी मूत्रपिंड बंद पडू शकतात आणि किती मनुक्यांनी ते सांगता येत नाही. शुगर-फ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल तर त्याहून वाईट. सगळ्यांना निक्षून सांगा, प्रेमाने कोणी काही भरवायचं नाही. तसंच माणसाची पेनकिलर, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, लंगडतोय म्हणून अर्धी सुद्धा द्यायची नाही.

गोचिडांसाठी निघायच्या आधी औषध, कुठलं ते तुमच्या व्हेटला विचारा, फिट येण्याची हिस्टरी असेल तर नक्की सांगा कारण काही गोळ्या अशा कुत्र्यांना चालत नाहीत. रेबीज आणि लेप्टोचं लसीकरण चालू आहे का ते बघा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल, रॉकेल, काडी पेटवून चटका हे काही नको. साप चावला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं नाही, चालवायचा पण नाही, उचलूनच न्यायचा, तोंडाला किंवा मानेला चावला असेल तर पट्टा काढा कारण सूज येते. जवळच्या कुठल्या व्हेटकडे सापाच्या विषावरचं अँटिव्हेनम असतं हे निघायच्या आधी फोन करून विचारा, डोंगरात रेंज नसते तेव्हा शोधत बसू नका.

आता तुमची यादी. हार्नेस, लीश, एक जादा लीश. पाणी आणि घडीचं भांडं. स्वतःला चिकटणारी क्रेप बँडेज, गॉज, सलाईनची बाटली आणि जखम धुवायला मोठी सिरिंज, चिमटा, डिजिटल थर्मामीटर, पंजावर चढवायला जाड मोजे. वजनाला पेलणारी मजबूत चादर किंवा कुत्र्याला खांद्यावर घ्यायचा स्लिंग. दुखापत झालेलं सगळ्यात प्रेमळ कुत्रं पण चावतं, म्हणून उचलण्याआधी बँडेजने तोंड बांधायला शिका, पण धापत असेल किंवा उलटी होत असेल तर तोंड बांधायचं नाही. गळ्यात फोन नंबरचा टॅग आणि असेल तर मायक्रोचिप. शीच्या पिशव्या, आणि भरलेली पिशवी झाडाला लटकवून येऊ नका, परत आणा. त्याच्या पाठीवर सॅक द्यायची फार हौस असेल तर पहिल्यांदा रिकामी, नंतर वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत, मला स्वतःला ते फोटोपुरतंच वाटतं.

स्लिंग घेतलात की घरीच त्याला त्यात घालून दोघांनी मिळून दोन जिने उतरून बघा. जिन्यावर धाप लागली तर घसाऱ्यावर काय होईल तो अंदाज येईल, आणि त्यावरून किती लांब जायचं ते आपोआप ठरेल.

पुढच्या महिन्याचं विचाराल तर सहा-सात तास मी हो म्हणणार नाही. सपाटीवर रोज तासभर, तोही दोन भागात, यातून डोंगरावरचे सहा तास निघत नाहीत. वय दोन वर्षं आहे ते चांगलं, मोठ्या जातीच्या कुत्र्यांची हाडं वाढून पक्की व्हायला साधारण दीड वर्ष लागतं, ते झालंय. आता आठवड्यातून दोनदा दीड तास, जमेल तिथे चढ-उतार शोधून, मग दोन तास, मग अडीच, प्रत्येक मोठ्या दिवसानंतर एक दिवस आराम. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना अडखळला, जिना चढायला नको म्हणाला, तर वाढवलेलं थांबवायचं. महिन्याभरात तीन तासांचा छोटा ट्रेक, थंड दिवसात, उजाडताना निघून ऊन चढायच्या आत खाली, एवढं आरामात जमेल. मोठ्या ग्रुपला त्या दिवशी त्यांचं टोक गाठू दे, तुम्ही दोघं-तिघं तेवढंच करा. घरी आल्यावर कान, काखा, जांघा, शेपटीखाली, पट्ट्याखाली, बोटांमधे गोचीड शोधा, आणि पुढचे दोन दिवस लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवा, गडद तपकिरी दिसली तर स्नायूंवर किंवा मूत्रपिंडावर ताण आलाय, लगेच दाखवा.

आणि मांजर. हार्नेस घालून माणसाच्या पाठीवरच्या बॅगेत बसून फिरणारी मांजरं असतात, पण ती पिल्लू असल्यापासून सवय लावलेली. तुमची पाच वर्षं घराबाहेर पडली नाहीये म्हणताय, तर तिला घरीच राहू द्या, घाबरून हार्नेसमधून सटकली तर लपून बसेल आणि तुम्ही कितीही हाका मारल्या तरी बाहेर येणार नाही. फक्त कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर सोडायचे थेंब आणलेत तर पाकिटावर परमेथ्रिन लिहिलंय का ते बघा. कुत्र्याला ते चालतं, मांजरीला जीवघेणं असतं, आणि ती दोघं एकमेकांना चाटतात किंवा एका गादीवर झोपतात असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा व्हेटकडून औषध घेताना घरात मांजर आहे हे आधी सांगा. पॅरासिटामॉलचंही तेच, तिला एक गोळी सुद्धा मारू शकते, ट्रेकच्या सॅकमधली औषधं परत आल्यावर उघडी टाकू नका.